गुलाबाचं अत्तर नूरजहाँचं नाही, तिच्या आईचं

अत्तराचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नूरजहाँने म्हणे बागेतले कालवे गुलाबपाण्याने भरून घेतले होते, ऊन चढलं तसा पाण्यावर तेलाचा तवंग आला, तिने तो बोटावर घेऊन हुंगला आणि गुलाबाच्या अत्तराचा शोध लागला. गोष्ट छान आहे, रील बनवायला तर एकदमच छान आहे, पण खुद्द तिच्या नवऱ्याने लिहून ठेवलेलं काहीतरी वेगळंच आहे आणि ते जास्त लोकांपर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जहांगीरने आपली रोजनिशी लिहिली, तुझुक-ए-जहांगीरी. त्यात त्याच्या राज्याच्या नवव्या वर्षात, म्हणजे साधारण १६१४ मध्ये, या अत्तराबद्दल नोंद आहे आणि तिथे तो स्वच्छ सांगतो की हा शोध नूरजहाँ बेगमच्या आईचा. तिचं नाव अस्मत बेगम. ती गुलाबपाणी काढत होती, सुरयांमधून गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतलं की वर एक पातळ साय धरायची, ती साय ती थोडी थोडी करून काढून ठेवायची, आणि पुष्कळ गुलाबपाणी झालं तेव्हा कुठे हातात घेता येईल एवढा ऐवज जमला. जहांगीर लिहितो की याचा एक थेंब तळहातावर चोळला तरी सगळी मैफल दरवळते, जणू एकदम कितीतरी गुलाबाच्या कळ्या उमलल्यात. आपल्या वडिलांना, म्हणजे अकबराला, हा वास घ्यायला मिळाला नाही याचीही हळहळ त्याने नोंदवलीय. त्याने सासूला बक्षीस म्हणून मोत्यांचा सर दिला. त्या वेळी सलीमा सुलतान बेगम हजर होती, अकबराची बेगम, बाबराची नात, स्वतः फारसीत कविता करणारी बाई, तिने त्याला नाव दिलं इत्र-ए-जहांगीरी. म्हणजे शोध एका बाईचा, बारसं दुसऱ्या बाईने केलं आणि नाव लागलं बादशहाचं, आणि पुढे लोकांच्या तोंडी राहिली ती तिसरीच बाई!

आता ही साय का धरते ते बघा, कारण त्यावरून कळतं की ही नोंद नुसती कौतुकाची नाहीये, कुणीतरी खरंच बघून सांगितलेली आहे. गुलाबाच्या तेलात मेणासारखा एक भाग असतो, तो गार झाला की थिजतो. गरम पाण्यात तेल बारीक बारीक थेंबांनी विखुरलेलं असतं, ते भांड्यात ओतून गार व्हायला लागलं की वर येतं आणि पातळ पापुद्रा धरतं. त्यामुळे पसरट भांडं, गरम पाणी आणि निवायला वेळ हे तिन्ही लागतं. उन्हात तापलेल्या कालव्यात हे कसं जमणार? तेलही इतकं कमी असतं की आजही एक किलो गुलाबतेलाला अंदाजे साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, आणि वासाचा एक मोठा भाग तर तेलात उतरतच नाही, पाण्यातच राहतो, म्हणून गुलाबपाणीही वाया जात नाही. अस्मत बेगमने किती दिवस ती साय जमवली असेल कोण जाणे, पण 'थोडी थोडी करून' हे शब्द मला त्या सगळ्या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. हे अपघाताने सापडलं असं म्हणणं अर्धवट आहे. साय अनेकांनी बघितली असणार, गोळा करून ठेवायचं हिला सुचलं.

आणि तिला सुचलं त्यालाही मागचा इतिहास आहे. ती आणि तिचा नवरा घियास बेग इराणातून आलेले, १५७७ मध्ये हिंदुस्थानच्या वाटेवर कंदाहारला त्यांना मुलगी झाली, मेहरुन्निसा, हीच पुढची नूरजहाँ. इराणच्या फार्स प्रांतातलं गुलाबपाणी नवव्या-दहाव्या शतकापासून लांबलांबच्या देशांत विकायला जायचं, तिकडे घरोघरी या कामाची माहिती असायची. मुलगी १६११ मध्ये बादशहाची बेगम झाली, बाप इतिमादुद्दौला म्हणून वजीर झाला, तरी आई गुलाबपाण्याच्या भांड्यांपाशी होतीच. (जगात पहिल्यांदा हे तेल हिनेच काढलं असा दावा मी करणार नाही, युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या पुस्तकांत गुलाबतेल येतं. पण मुघल दरबारात ते आलं ते हिच्या हातून, हे बादशहाच्या लेखी आहे.)

तिच्या आधी जनान्यात सुगंध नव्हता असं अजिबात नाही. अकबराच्या काळात खुशबूखाना नावाचं वेगळं खातंच होतं आणि पुढे दिवाणपदापर्यंत गेलेला ख्वाजा शाह मन्सूर सुरुवातीला तिथला हिशेबनीस होता. आईन-ए-अकबरीत, म्हणजे अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या ग्रंथात, अबुल फझलने अंबर, कस्तुरी, जवादी, अगर, कापूर, चंदन या सगळ्याची माहिती दिलीय आणि कृतीही दिल्यात, उन्हाळ्यात अंग गार राहावं म्हणून लावायचा अरगजा, अंगाला चोळायचं उटणं, धुपाच्या वड्या. सोन्याचांदीच्या धुपाटण्यांत रोज धूप जळायचा, फुलांची तेलं केसांना आणि अंगाला लावायचे. पण हे बहुतेक सगळे अनेक जिनसांचे मिश्रणाचे वास. एकाच फुलाचा तोही इतका कडक अर्क हे नवं होतं.

पुढे शहाजहान-औरंगजेबाच्या काळात ते अगदी रोजचं झालं. मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस १६५६ मध्ये इथे आला, वैद्यकी करायचा म्हणून जनान्यात जाणंयेणं झालं, त्याने शहजाद्यांबद्दल लिहिलंय की कपडे इतके तलम की अंगावर आहेत की नाहीत कळू नये, त्यांना गुलाबाच्या अर्काचा वास, एकदा घातले की पुन्हा घालायचे नाहीत, दासींना देऊन टाकायचे. केस कायम नीट विंचरून वेणी घातलेले आणि सुगंधी तेल लावलेले. उजव्या अंगठ्यात आरसी, म्हणजे खड्याऐवजी छोटा गोल आरसा आणि भोवती मोती, त्यात त्या सारख्या स्वतःला न्याहाळायच्या.

तलम कपडे आणि त्यात मुरलेलं तेल, याची दुसरी बाजूही आहे आणि ती फार वाईट आहे. १६४४ मध्ये आग्र्याला शहाजहानची थोरली मुलगी जहाँआरा एका दिव्याजवळून चालली होती, कपड्याच्या टोकाला ज्योत लागली आणि सगळे कपडे अत्तरात भिजलेले असल्यामुळे क्षणात भडका उडाला. चार दासी विझवायला धावल्या, अंगावर झोकून दिलं त्यांनी, त्यातल्या दोघी भाजून मरण पावल्या. जहाँआरा कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती, बादशहा कामकाज सोडून तिच्या उशाशी बसायचा, ती बरी झाल्यावर मोठा जलसा झाला. राजघराण्यातल्या बायकांच्या सौंदर्याबद्दल जे काही छान छान छापलं जातं त्यात या दोन दासींचा उल्लेख यायलाच हवा, तो येत नाही याचं वाईट वाटतं.

महालाबाहेर हे काम कनौज आणि गाझीपूरला वाढलं. बिशप हेबर नावाचा इंग्रज धर्मगुरू १८२४ मध्ये गाझीपूरहून गेला तेव्हाचं त्याचं वर्णन आहे, गुलाबपाणी मोठ्या भांड्यांत ओतून वर मलमल बांधून रात्रभर उघड्यावर ठेवायचं आणि पहाटे वरचं तेल काढून घ्यायचं, रुपयाभार अत्तराला दोन लाख फुलं. म्हणजे दोनशे वर्षांनंतरही रीत तीच, भांडं, गारवा, साय. कनौजला आजही फुलं उकळायची तांब्याची देग, वाफ नेणारा बांबूचा चोंगा आणि ती वाफ जिथे निवते तो पाण्याच्या हौदात ठेवलेला भपका असा सरंजाम चालतो, फक्त तिथल्या जुन्या रीतीत वाफ थेट चंदनतेलावर उतरवतात. कनौजच्या अत्तराला जीआय टॅगही, म्हणजे त्या गावाची खास वस्तू अशी सरकारी नोंद, मिळालाय.

आपल्याकडचं सांगायचं तर दख्खनची स्वतःची परंपरा मुघलांच्या खूप आधीची आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकात, राजाच्या उपभोगांमध्ये स्नान आणि विलेपन, म्हणजे अंगाला सुगंधी लेप लावणं, यांचे वेगळे भाग आहेत. आणि गंधवाद नावाचा सुगंधद्रव्यांवरचा एक ग्रंथ तर मराठी टीकेसकट मिळालाय! पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी हे उजेडात आणलं, अत्तरं, उटणी, सुगंधी तेलं यांच्या इतिहासावर त्यांनी चिकाटीने लिहिलं. मराठीतून कुणीतरी गंध बनवायच्या कृती समजावून सांगत होतं हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? पेशवाईच्या दरबारात निरोपाचे विडे, अत्तर, गुलाब हा रिवाज दिसतो आणि आपल्या हळदीकुंकवात अत्तरदाणी-गुलाबदाणी अजून फिरते, तिच्यात दोन्ही वाटा आहेत, इथली आणि तिकडून आलेली.

अस्मत बेगम १६२१ मध्ये गेली, पाठोपाठ १६२२ च्या जानेवारीत घियास बेग गेला. नूरजहाँने दोघांसाठी आग्र्याला यमुनेकाठी जो मकबरा बांधला तो आज इतिमादुद्दौलाचा मकबरा म्हणून ओळखला जातो, टुरिस्ट त्याला बेबी ताज म्हणतात. बांधलेला मुलीने, नाव बापाचं, आणि आत मधोमध दोन कबरी शेजारी शेजारी आहेत, त्यातली एक या अत्तरवालीची. भिंतींवर रंगीत दगडांच्या जडावकामात सुरूची झाडं, फुलदाण्या, सुरया, पेले आहेत. तिथे गेलात तर गाइडला अस्मत बेगमबद्दल आवर्जून विचारा.