एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे

नाशकात सांधेदुखीच्या तपासण्यांत एएनए (स्वतःच्या पेशींच्या केंद्रकावर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) असते आणि रिपोर्टवर १:८० (रक्तद्रव ८० पट पातळ करूनही) पॉझिटिव्ह दिसलं की घरात ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याच्या आजाराची, धास्ती. यामागे एक जुना समज आहे: स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) अस्थिमज्जेतच मारल्या जातात, निरोगी माणसात एकही उरत नाही. तसं नसतं.

अस्थिमज्जेतल्या कोवळ्या बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के स्वतःच्याच घटकांना चिकटतात. त्यांना लगेच मारलं जात नाही, आधी दुरुस्ती होते. जनुकांचे तुकडे कापून जोडणारं रॅग एन्झाइम चालू राहून रिसेप्टरची (पेशीच्या पकडणाऱ्या भागाची) हलकी साखळी बदलतं. कप्पा प्रकारची जमली नाही तर लॅम्डा प्रकारची. तरीही पकड घट्टच राहिली, तर पेशी मरते. प्रतिजन (ज्याला पेशी चिकटते तो घटक) विरघळलेला, पकड सैल असेल तर ती बधिर होऊन बाहेर पडते. अशा पेशीला जगायला बॅफ हे प्रथिन जास्त लागतं, टी पेशीची साथही मिळत नाही. सहसा काही दिवसांत ती संपते. (बॅफ वाढलं की ती टिकते, आणि ल्युपसमध्ये ते अनेकदा वाढलेलं असतं.) एवढं गाळूनही रक्तातल्या परिपक्व, अननुभवी बी पेशींपैकी सुमारे २० टक्के स्वतःला चिकटणाऱ्याच असतात.

त्यामुळे १:८० ला साधारण १३ टक्के निरोगी माणसंही पॉझिटिव्ह येतात. शंका असेल तर डॉक्टर लक्षणांसोबत अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं), सी३-सी४ (रक्तातली पूरक प्रथिनं) आणि लघवीतलं प्रथिन बघतात.