टू-स्ट्रोक लॉन मोवर आणि ऑइलचं प्रमाण

टू-स्ट्रोक लॉन मोवर म्हणजे गवत कापायचं असं मशीन ज्याच्या इंजिनात ऑइल वेगळं भरत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत ओततात. (पुण्यात लॉन म्हटलं की आधी लग्नाचं जेवण आठवतं, इथे खऱ्या हिरवळीबद्दल चाललंय.) आता नवीन मोवर बहुतेक फोर-स्ट्रोक नाहीतर विजेवरचे, पण एखाद्या जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत किंवा जुन्या बाजारात भंगारात असं मशीन अजून निघतं, आणि ते चालू करायच्या नादात लोक त्याची वाट लावतात.

इंजिन तसं साधं. व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत भोकं म्हणजे पोर्ट असतात आणि पिस्टनच वरखाली होताना ती उघडतो-झाकतो. पिस्टन वर गेला की खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) ओढ तयार होऊन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते, खाली आला की तीच हवा दाबली जाऊन बाजूच्या पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जाते. ही क्रँककेसचाच पंप करायची युक्ती इंग्लंडमधल्या बाथच्या जोसेफ डे यांची, १८९० च्या आसपासची. पण क्रँककेस पंप झाला म्हणजे तिथे ऑइल साठवायला जागाच उरली नाही, म्हणून ऑइल पेट्रोलबरोबरच पाठवायचं. आत पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा पातळ थर बेअरिंगवर, पिस्टनवर राहतो. याचा एक फायदा असा की मशीन उतारावर कितीही तिरकं झालं तरी ऑइल एका बाजूला जाऊन इंजिन कोरडं पडायची भानगड नाही.

मोवरमध्ये हे इंजिन गाजवलं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टा कंपनीने. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये सिडनीत घरच्या गॅरेजात पहिलं मशीन बनवलं, इंजिन विलियर्स या इंग्लिश कंपनीचं आणि पेट्रोलची टाकी म्हणजे पीच फळांचा रिकामा डबा! इंग्लंडमधल्या जुन्या मोवरनाही विलियर्सची इंजिनं असायची. अमेरिकेत असे मोवर लॉन-बॉय कंपनीचे.

आता ऑइल. पुणेकराला टू-स्ट्रोकचं गणित चेतक आणि लुनाने शिकवलंय. चेतक आली १९७२ मध्ये, आकुर्डीच्या कारखान्यातून हजारो घरांत गेली, आणि पंपावर 'दोन लिटर, चाळीस ऑइल' हे वाक्य पाठ झालं, म्हणजे २ टक्के, ५०:१. सकाळी स्कूटर आडवी करून मग किक मारणाऱ्या पिढीला वाटतं टू-स्ट्रोक म्हणजे एवढंच. इथेच घोळ होतो. जुन्या विलियर्सला सांगितलेलं प्रमाण गॅलनला अर्धा पाइंट, म्हणजे १६:१, लिटरला साधारण ६२ मिली. व्हिक्टाला २५:१, म्हणजे ४० मिली. लॉन-बॉयच्या जुन्या इंजिनांना १६:१, नंतरच्यांना ३२:१. जिथे बेअरिंगच्या जागी ब्राँझचे बुश (साध्या नळ्या) आहेत तिथे ऑइल जास्तच लागतं, सुया किंवा गोळ्यांच्या बेअरिंगला कमी पुरतं. स्कूटरचा हिशोब मोवरला लावायचा नाही.

आम्ही लावला होता. ओळखीतल्या एका सोसायटीचं मशीन, भरलं २ टक्क्याने, वीस मिनिटं झकास चाललं, मग आवाज घट्ट झाला, बंद पडलं आणि दोरी ओढली तर हलेना. हेड काढून सिलिंडर उचलला तर पिस्टनच्या एका अंगाला उभे ओरखडे आणि सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियम चिकटलेलं. इंजिन सीझ. रिंगा शोधायला गाड्यांच्या सुट्या भागांची नाना पेठ पालथी घातली, त्या मापाच्या मिळाल्याच नाहीत.

उलट, जास्त ऑइल म्हणजे जास्त सेफ असंही नाही. कार्ब्युरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की त्यात पेट्रोल तेवढं कमी, म्हणजे मिश्रण लीन होतं आणि इंजिन तापतं. शिवाय धूर, प्लग काळा, एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन. ऑइल पण टू-टीच, म्हणजे टू-स्ट्रोकसाठी बनवलेलंच हवं. गाडीचं साधं इंजिन ऑइल क्रँककेसमध्ये फिरत राहण्यासाठी असतं, जळण्यासाठी नाही, त्यातल्या धातूंच्या ॲडिटिव्हची राख प्लगवर साचते. जुन्या माहितीपत्रकात साधं ३० नंबरचं ऑइल लिहिलेलं दिसतं, पण तेव्हा तेच मिळायचं. आजचं टू-टी त्यापेक्षा चांगलं आहे म्हणून बरेच लोक १६ च्या जागी २५:१ करतात, माझ्या मते बुशवाल्या इंजिनात हा शहाणपणा करू नये.

मिसळायचं डब्यात, टाकीत नाही. आधी थोडं पेट्रोल, मग मोजून ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाला बसतो, त्यात ऑइल जवळजवळ नसतंच, आणि टाकीचा कॉक नेमका तळातूनच ओढतो. शिवाय जुने रबरी पाइप, वॉशर फुगतात नाहीतर कडक होतात. म्हणून पावसाळाभर मिश्रणाचा डबा तसाच ठेवू नका, महिन्याभराला लागेल तेवढंच करा, आणि मशीन ठेवून देताना कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

एक्झॉस्ट पोर्टचा कार्बन अधूनमधून काढावा लागतो. सायलेन्सर उतरवायचा, दोरी हळू ओढून पिस्टन पोर्ट झाकेल असा आणायचा, आणि लाकडाच्या चिपाटीने खरवडायचं. स्क्रूड्रायव्हरने नाही.