मसाई पठारावरचा चकवा

जुलैत पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं काही दिसत नाही. तिथं आम्ही चौघं वाट चुकलो. सरळ पन्हाळ्याकडंच चाललोय, याची सगळ्यांना खात्री होती. पाऊण तासानं कातळावरच्या डबक्याकाठी अंगठा तुटलेली निळी चप्पल दिसली. मघाशी ओलांडून पुढं गेलो, तीच. पोटात गोळा आला.

आजी याला चकवा म्हणायची. "चकवा लागला की माणूस तितंच तितंच फिरतंय. हाय तितं बसायचं," हा तिचा उपाय. भुताचा भाग सोडला, तर तिचं निरीक्षण चोख होतं. २००९ साली यान सौमन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना जर्मनीतल्या सपाट जंगलात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसवर त्यांची वाट टिपली. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना मात्र ती गोल फिरली आणि स्वतःचीच वाट नकळत ओलांडत राहिली. डोळे बांधल्यावर तर काहींच्या वर्तुळाचा व्यास २० मीटरहूनही कमी झाला.

एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हे आपण ऐकलेलं असतं. पण या प्रयोगात तोच माणूस कधी डावीकडं वळत होता, कधी उजवीकडं. खरी गोम वेगळी आहे. 'सरळ' म्हणजे कुठं, हे मेंदू आतल्या कानातल्या तोलाच्या इंद्रियावरून आणि स्नायूंवरून ताडत असतो. पावलागणिक बारीकशी चूक होते आणि ती साठत जाते. डोळ्यांना सूर्य, डोंगर, कळस असं काही दिसलं, तरच ती दुरुस्त होते.

मेंदूत जागेचा नकाशा खरोखरच असतो. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत ठरावीक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. पुढं मोझर दांपत्याला अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात महाद्वारातून शिरून घाटी दरवाजानं बाहेर पडलेला पाहुणा क्षणभर गांगरतो, तेव्हा नकाशा शाबूत असतो, फक्त फिरलेला असतो.

त्यात भीती भर घालते. छाती धडधडते, पाय भराभर पडतात, आणि समोर दिसेल ते आपल्या समजुतीत बसवायची घाई होते. धुक्यात काळसर उंचवटा दिसला तेव्हा 'हेच मसाईचं देऊळ' असं आम्ही ठरवूनच टाकलं. जवळ गेलो, तर करवंदीची जाळी. आजीचं 'बसायचं' इथं कामाला येतं. थांबलं की श्वास ताळ्यावर येतो आणि चूक वाढायची थांबते.

आम्ही बसलो. थोड्या वेळानं म्हशींच्या घंटा ऐकू आल्या, मागोमाग घोंगडं पांघरलेला गुराखी.

"वारं पाठीवर घ्या आणि चाला," एवढंच तो म्हणाला. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, पन्हाळा पूर्वेला. सूर्याचं काम वाऱ्यानं केलं. अर्ध्या तासात गाडीवाट पायाखाली आली. तोवर माझं मन सांगतच होतं, पन्हाळा डावीकडं आहे.