बँड उघडा आहे, पुकारा कोणी करत नाही

दुपारी चारच्या सुमारास हौशी रेडिओचा वीस मीटरचा लघुलहरी बँड लावा आणि 14.150 मेगाहर्ट्झपासून 14.350 पर्यंत, म्हणजे बोलण्याच्या भागात, डायल सावकाश फिरवा. बराच वेळ नुसती खरखर, मध्येच एखादं स्टेशन, पुन्हा खरखर. ‘बँड डेड आहे’ म्हणत कितीतरी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, इथेच सेट बंद करतात. त्यांनी जरा खाली 14.074 वर येऊन पाहावं. तिथे संगणकी संदेशांच्या शिट्ट्यांची दाटी असते, डझनावारी स्टेशनं एकाच वेळी. मधलं अंतर जेमतेम 76 किलोहर्ट्झ. आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा भाग, इथे लहरी परतवतं आणि शेजारी परतवत नाही, असं होत नाही.

सूर्यालाही बोल लावता येत नाही. साधारण 11 वर्षांच्या चक्रात सौरडाग वाढले की अतिनील किरणांनी आयनोस्फिअरचा एफ थर अधिक आयनित होतो आणि लघुलहरी दूरवर जातात. चालू चक्राचा उच्चांक 2024 च्या सुमारास आला आणि तो 2014 च्या उच्चांकापेक्षा जोरदार होता.

खरा त्रास घरात आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, छतावरच्या सोलरचे इन्व्हर्टर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि दर वेळी थोडी रेडिओऊर्जा बाहेर सांडते. एस-मीटर, म्हणजे सेटवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा काटा; त्यावरची एक पायरी म्हणजे सहा डेसिबल, म्हणजे चौपट शक्ती. गोंगाट एस-3 वरून एस-7 वर चढला, की पूर्वी 100 वॅटमध्ये ऐकू येणाऱ्याला तितकंच स्पष्ट ऐकू यायला 25 किलोवॅट लागतील! त्यात सोसायटीने गच्चीवर दहा मीटर लांब तारेची डायपोल अँटेना बांधू दिली नाही, तर ती गॅलरीत येते, अगदी गोंगाटाच्या कुशीत.

14.074 वरच्या त्या शिट्ट्या म्हणजे एफटी8. संगणकाने संदेश पाठवण्याची ही पद्धत 2017 मध्ये आली आणि अशा घरांतूनही संपर्क होऊ लागले. तिचे एक निर्माते जो टेलर. जोड-पल्सारच्या (एका जोडताऱ्यातल्या, ठरावीक ठेक्यात रेडिओस्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी 1993 चं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ, आणि लहानपणापासूनचे हॅम. अवघी 50 हर्ट्झ रुंदी, 15 सेकंदांच्या ठरलेल्या पाळ्या. कानाला पत्ताही न लागणारा संदेश संगणक खरखरीतून वेचून काढतो. मला हे तंत्र मनापासून आवडतं. पण त्यात कॉल साइन (स्टेशनचं सांकेतिक नाव), ठिकाण आणि सिग्नलचा जोर एवढंच जातं. मोकळा मजकूर लिहायचा तर फक्त 13 अक्षरं.

26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरमध्ये होते. फोन बंद पडल्यावर त्यांनी अंदमानातल्या लोकांची खुशाली रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचवली. कोण सुखरूप आहे, कोणाच्या घरी काय निरोप द्यायचा, हे 13 अक्षरांत मावत नाही. त्यासाठी बोलणारा लागतो आणि पलीकडे ऐकण्याची सवय असलेला कान लागतो. ती सवय रोजच्या गप्पांतूनच होते.

आणि रोज सगळेच नुसते ऐकत बसले, तर उघडा बँडही मुकाच वाटणार. शंका असेल तर मोर्समध्ये ‘सीक्यू’, म्हणजे ऐकणाऱ्या कोणालाही घातलेली हाक, द्या. रिव्हर्स बीकन नेटवर्कचे स्वयंचलित रिसीव्हर जगभर कान लावून बसलेले असतात. कोणी उत्तर दिलं नाही, तरी तुमची हाक कुठल्या देशात किती डेसिबलने पोचली, ते काही सेकंदांत इंटरनेटवर दिसेल. मग माइक उचला.