जुन्या वस्तीतलं फ्लामेंको केंद्र

फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांताचं गाणं, गिटार आणि नाच, 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलेलं. त्याचं केंद्र शहराच्या जुन्या भागात बांधायचं तर खरा पेच असा की ज्या गल्ल्यांमुळं ही कला टिकली त्याच गल्ल्यांतली माणसं केंद्रामुळं बाहेर पडता कामा नयेत. आंदालुसियातल्या सेव्हिया शहराच्या त्रियाना भागात माणसं बाहेर पडलीच. तिथल्या चाळीवजा वाड्यांत राहणारी गितानो म्हणजे स्पेनमधली रोमा कुटुंबं 1950-60 च्या दशकांत शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत हलवली गेली. त्रियानाचं नाव आजही फ्लामेंकोसाठीच घेतात पण गाणारी घरं तिथून गेली ती गेलीच.

अभ्यासाला सगळ्यात चांगलं गाव म्हणजे हेरेस दे ला फ्रोंतेरा, शेरी वाइनचं गाव. सांतियागो आणि सान मिगेल ह्या तिथल्या दोन जुन्या गितानो वस्त्या, गायक मान्वेल तोरे आणि गायिका-नटी लोला फ्लोरेस दोघंही सान मिगेलचे. तटबंदीच्या आतल्या प्लासा बेलेन चौकात ‘फ्लामेंको नगरी’ उभारायची म्हणून स्पर्धा झाली आणि हर्झोग आणि द म्यूरॉ ह्या स्विस आर्किटेक्टांचं डिझाइन निवडलं गेलं, भिंतीनं वेढलेली बाग, कोपऱ्यात एक मनोरा आणि काँक्रीटवर जाळीसारखी नक्षी. डिझाइन देखणं होतं ह्यात वादच नाही, पण काम रखडलं, मग आर्थिक मंदी आली आणि ते तसं काही उभं राहिलं नाही. मला वाटतं एवढा मोठा पैसा एकाच इमारतीवर लावणं हाच मुळात धोका होता. नंतर त्याच परिसरातल्या तेलाच्या जुन्या गोदामात लोला फ्लोरेस केंद्र सुरू झालं, 2023 मध्ये, तिच्या जन्मशताब्दीच्या वर्षी.

जुनी इमारत वापरायची तर तांत्रिक बाजू नीट बघावी लागते. नर्तकाच्या बुटांच्या टाचेला आणि टोकाला खिळे ठोकलेले असतात. तो ठोका वाजायला लाकडी फळ्या आणि खाली पोकळी लागते, तोच ठोका मग सामाईक भिंतीतून शेजाऱ्याच्या पलंगापर्यंत पोचतो. म्हणून नाचाची जमीन मूळ बांधकामापासून सुटी, रबराच्या पॅडवर बसवतात. हॉलमध्ये घुमारा जास्त असेल तर पायाचे वेगवान बोल एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ होतो (कथकचा तत्कार दगडी सभामंडपात ऐकलेल्यांना लगेच कळेल). उलट गाण्याला थोडा घुमारा हवाच असतो, तेव्हा सरकते पडदे वगैरे लावून दोन्ही साधावं लागतं. शिवाय अशा शहरात खाली खणलं की अवशेष लागायची शक्यता मोठी, त्यामुळं तळघरात सभागृह काढायचं तर आधी पुरातत्त्वाचं काम आणि त्याचा वेळ धरूनच चालायचं.

हेरेसमध्ये अशी बरीच कामं जुन्या वास्तूंतच चालतात. आंदालुसियाचं फ्लामेंको दस्तऐवज केंद्र पेमार्तिन वाड्यात आहे, 1997 पासूनच्या फेस्टिव्हल दे हेरेस ह्या फ्लामेंको महोत्सवाचे काही कार्यक्रम एका जुन्या चर्चमध्ये होतात. सेव्हियातही नर्तकी क्रिस्तिना ओयोसचं नृत्य-संग्रहालय 18 व्या शतकातल्या घरात आहे, 2006 मध्ये सुरू झालेलं.

पण प्लॅनमध्ये हमखास राहून जाते ती गोष्ट म्हणजे पेन्या, म्हणजे रसिकांचे मोहल्ल्यातले क्लब, सांतियागोतलं तिओ होसे दे पाउला किंवा सान मिगेलमधलं लोस सेर्निकालोस. छोटा बार, चार टेबलं, कोपऱ्यात बुटका मंच, गायकापासून हातभर अंतरावर ऐकणारे. डिसेंबरात अंगणात शेकोटीभोवती ‘साम्बोम्बा’ होते, शेजारीपाजारी सगळे गातात आणि श्रोता-कलाकार असं वेगळं काही उरत नाही. म्हणून केंद्राच्या आराखड्यात मोठ्या सभागृहाआधी काढायला हवं ते गल्लीकडं उघडणारं, तिकीट न लागणारं अंगण, पेन्यांना आणि वस्तीतल्या पोरांच्या क्लासला फुकट मिळणाऱ्या खोल्या, आणि आजूबाजूच्या भाडेकरूंची घरं टिकवायचा पैसा त्याच बजेटमध्ये.