वाळवंटात लग्नाचा वाढदिवस: किल्ली हातात घेण्याआधी

साठी-सत्तरीतली जोडपी वाळवंटातल्या सहलीसाठी आमच्याकडे गाडी भाड्याने घ्यायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा किलोमीटरचा असतो. "दिवसाला पाचशे झेपतील ना?" झेपतील, तुम्हालाही आणि गाडीलाही. पण वाळवंटात हिशोब घड्याळाचा ठेवावा लागतो. उजाडताना निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची, दुपार आडवं होऊन काढायची आणि उत्साह असेल तर चारनंतर थोडं पुढे सरकायचं. आम्ही आखून दिलेल्या मार्गात दिवसाचा टप्पा अडीचशे किलोमीटरच्या पुढे जात नाही, तो याच कारणाने. तो वाढवून मागू नका.

लग्नाची तारीख भर उन्हाळ्यात येत असेल तर त्या दिवशी घरीच साजरं करा आणि प्रवास थंडीत ठेवा. असं सांगून आम्ही काही बुकिंग घालवली आहेत, तरी सांगतो. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. जगातला अधिकृत उच्चांक आजही तोच आहे. दक्षिण गोलार्धातल्या नामिब किंवा अटाकामा वाळवंटात निघाला असाल तर ऋतू उलटे असतात, तिथली थंडी जून ते ऑगस्टची.

आता पाण्याचं. माणशी दिवसाला निदान 4 लिटर, आणि गाडीसाठीचं पाणी वेगळं. वय वाढलं की शरीराला पाणी कमी पडत असतं, पण तहान तेवढी जाणवत नाही. त्यामुळे "लागलं की पिऊ" हे चालत नाही. आमच्या एका ग्राहक काकूंनी दोघांच्या बाटल्यांना चार-चार रबरबँड चढवले होते. तासाला एक रबर खाली उतरायचं, आणि पाणी त्या रेघेपर्यंत उतरलेलं नसलं की गाडी बाजूला. "अहो, तुमचं रबर मागे पडलंय!" एवढंच त्या म्हणायच्या. तेव्हापासून आम्ही प्रत्येक गाडीत रबरबँडची पुडी ठेवतो. हसू नका, वापरा.

मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर वरचा आकडा तुमच्यासाठी नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, उन्हात शरीर लवकर कोरडं करतात. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. औषधं डॅशबोर्डच्या कप्प्यात तर मुळीच नकोत. उन्हात बंद उभ्या गाडीत अर्ध्या तासात तापमान बाहेरच्यापेक्षा 15 ते 20 अंशांनी चढतं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन 30 अंशांच्या वर ठेवायचं नसतं. ते थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला टेकवून नाही, कारण गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं.

जोडीदार असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो थकवा समजू नका. उष्माघातात घाम येतोच किंवा थांबतोच असं नाही. आधी सावली आणि ओली फडकी: मान, काखा, जांघा. वारा घाला, मदत बोलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गाडी ताब्यात घेताना टायर स्वतः बघा. आमच्यावर विश्वास असला तरी बघा. टायरच्या भिंतीवर 'डीओटी'पासून सुरू होणाऱ्या मजकुराचे शेवटचे चार आकडे शोधा. 3521 असेल तर 2021 सालच्या 35व्या आठवड्यातला टायर. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, ते आत गेले असतील तर आमच्या माणसाला वाकायला सांगा, तुम्ही कंबर मोडू नका. हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब साधारण 2 पीएसआयने वाढतो. दुपारी तो वाढीव आकडा बघून हवा सोडली, तर संध्याकाळी टायर कमी हवेवर पळतो, आणि तापलेल्या रस्त्यावर टायर फुटतो तो बहुधा असाच.

इंजिनाचा काटा वर सरकला तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू. घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तरी काटा उतरला नाही तर थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

वाळूचं वादळ दिसलं तर डांबरावरून जमेल तेवढं बाजूला उतरा, दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे बंद करणं उलटं वाटतं, पण मागून येणारा तुमचे लाल दिवे बघून 'रस्ता इकडेच' असं समजतो आणि थेट तुमच्यावर येतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा निरभ्र आभाळाखाली येतो. 30 सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी उचलायला पुरेसं होतं.

गाडी बंद पडली तर गाडीजवळच राहा. माणूस दुरून दिसत नाही, गाडी दिसते. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं.

अंधारात गाडी चालवू नका, पण अंधारात बाहेर जरूर बसा. तारीख पुढेमागे करता येत असेल तर मुक्काम अमावास्येच्या आसपास ठेवा, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. स्वेटर घ्या. कोरडी हवा दिवसाची उष्णता धरून ठेवत नाही, त्यामुळे दुपार आणि पहाट यांत 20 अंशांचा फरक सहज पडतो. मागच्या सीटवर दोन घडीच्या खुर्च्या आणि एक जाड पांघरूण आम्ही ठेवलेलं असतं. पांघरूण एकच आहे, ते चुकून नव्हे.

गाडी परत करताना आत वाळू असणारच. ती झाडत बसू नका, ते आमचं काम.