कवळीची आतली बाजू आणि ०.२ मायक्रॉनचा आकडा

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या दवाखान्यांत काय किंवा घोडबंदर रोडवरच्या नव्या क्लिनिकांत काय, कवळी करायला गेलं की आता साच्यातली, मिलिंगची (ठोकळ्यातून यंत्राने कोरलेली) की प्रिंटेड (थ्रीडी प्रिंटरवर थरांनी रचलेली) अशी निवड समोर येऊ लागली आहे. सोबत एक दिलासाही मिळतो: पृष्ठभाग गुळगुळीत असला की बुरशी धरत नाही. हे अर्धंच खरं आहे.

एकोणिसाव्या शतकातलं व्हल्कनाइट रबर मागे पडलं आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक आलं. ते आजही टिकून आहे. पूड आणि मोनोमर (घट्ट होऊन अ‍ॅक्रिलिक बनणारा द्रव) कालवून साच्यात भरायचं आणि गरम पाण्यात शिजवायचं. मोनोमर १०० अंशांच्या जरा वर उकळतो, त्यामुळे घाईने तापवलं की आत बारीक भोकं पडतात.

कवळीखाली टाळू लाल होण्याचे तीन प्रकार १९६२मध्ये मांडले गेले. पुढे लक्षात आलं, की कॅन्डिडा ही बुरशी टाळूपेक्षा कवळीवरच जास्त सापडते. म्हणूनच नुसती टाळूला औषधं लावून काही आठवड्यांत लाली परतत होती. १९८०च्या दशकात अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या बुरशीच्या द्रावणात बुडवून चिकटलेल्या पेशी मोजण्याचे प्रयोग सर्रास होऊ लागले. साखरेच्या द्रावणात वाढलेली कॅन्डिडा जास्त चिकटते, हे त्यातूनच कळलं. लाळेच्या थराबद्दल मात्र निष्कर्ष परस्परविरोधी आले: काही प्रयोगांत त्याने चिकटणं घटलं, काहींत वाढलं.

१९९०च्या दशकात ०.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा आकडा आला आणि तिथून घोळ सुरू झाला. खडबडीतपणाची सरासरी याहून कमी केली तरी चिकटणारे जिवाणू आणखी घटत नाहीत, असा मूळ निष्कर्ष होता. तो जिवाणूंविषयी होता, आणि इम्प्लांटच्या (हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताच्या मुळाच्या) जोडभागासारख्या कठीण पृष्ठभागांच्या अभ्यासातून आला होता. पुढे हाच उंबरठा कवळी आणि बुरशीच्या चाचण्यांमध्ये 'पास-नापास'ची रेघ म्हणून वापरला गेला. तोंडातले बरेचसे गोल जिवाणू जेमतेम मायक्रॉनभर असतात, तर कॅन्डिडाची पेशी चार-सहा मायक्रॉनची. शिवाय आकडा सरासरीचा. एखादा खोल ओरखडा तिच्यात सहज लपतो, आणि बुरशीला आसरा मिळतो तो तिथेच.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. पॉलिश होते ती कवळीची बाहेरची बाजू. टाळूला टेकणारी आतली बाजू घासली तर कवळी सैल होईल, म्हणून ती साच्यातून निघते तशीच ठेवतात, प्लास्टरचा पोत घेऊन. लाली येते ती नेमकी तिच्याखाली. म्हणून प्रयोगशाळेत सपाट, घासून चकचकीत केलेल्या चकत्यांवर मिळालेला निकाल रुग्णाच्या तोंडाला जसाच्या तसा लावणं मला चुकीचं वाटतं.

दुखऱ्या हिरड्यांसाठी आत लावतात ते मऊ सिलिकॉनचे अस्तर या बाबतीत आणखी कच्चं. ते नीट पॉलिश होत नाही, काळानुसार झिजतं आणि बुरशी त्याच्या आतही शिरते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र बदललं ते मिलिंगमुळे. त्यात अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा आधीच मोठ्या दाबाखाली घट्ट झालेला असतो. त्यामुळे भोकं कमी, उरलेला मोनोमरही कमी, आणि बऱ्याच चाचण्यांत कॅन्डिडाही कमी चिकटली. प्रिंटेड कवळीत थरांच्या पायऱ्या राहतात. त्या किती उठून दिसतील हे छपाईच्या कोनावर अवलंबून असतं, आणि निकाल अजून एकमुखी नाहीत. त्यात टूथपेस्टने कवळी घासण्याची सवय असेल तर पेस्टमधल्या खरखरीत कणांनी कुठल्याही पद्धतीच्या अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे उठतात. साधा साबण, मऊ ब्रश आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणं, हा जुना सल्ला मिल्ड आणि प्रिंटेड कवळीलाही तसाच लागू आहे.